झाडीपट्टीत जाताना: आधी पाळीवर चढा, मग रानात शिरा

नवेगावबांधला जाणारे बहुतेक लोक एका सफारीपुरते जातात. पहाटे जिप्सी, दहाच्या सुमारास परत, जेवून नागपूरचा रस्ता. वाघ दिसला तर आनंद, नाही दिसला तर ‘तिकडे काही नाही हो’ असा निकाल घरी येऊन सांगितला जातो. मला हा निकाल मान्य नाही. वैनगंगेच्या पूर्वेला गोंदिया, भंडारा आणि गडचिरोलीचा उत्तर भाग मिळून जो मुलूख होतो, ज्याला तिथली माणसं झाडीपट्टी म्हणतात, तो एका सकाळीत बघून होण्यासारखा नाही. तिथे तलाव, रान, धानशेती, मासेमारी आणि नाटक ही सगळी एकाच पाण्यावर उभी आहेत. तुमच्याकडे चार-पाच दिवस असतील आणि थोडं चालायची, थोडं जागायची तयारी असेल, तर हा प्रवास कसा आखावा ते इथे सांगतो.

सुरुवात तलावापासून करा, जंगलापासून नको. कारण साधं आहे. इथले तलाव निसर्गाने दिलेले नाहीत, माणसांनी बांधलेले आहेत, आणि ते कसे बांधले हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सगळं आपोआप उलगडत जातं. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात या भागात रान तोडून तलाव बांधणाऱ्याला जमीन दिली जाई. तलावाच्या पाण्याने जेवढी भिजेल तेवढी त्याची, असा तो व्यवहार सांगितला जातो. हे काम ज्यांनी अंगावर घेतलं त्यांत कोहळी समाज सगळ्यांत पुढे होता. आपले पूर्वज बनारसकडून आले असं कोहळी सांगतात. नवेगावबांध, सिवनीबांध, सिरेगावबांध ही गावांची नावंच बघा. त्यांतला नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात. सात टेकड्यांच्या मधला खोलगट भाग हेरून, टेकडीला टेकडी मातीच्या पाळीने जोडून त्यांनी पाणी अडवलं. जवळपास ११ चौरस किलोमीटरचा हा जलाशय सिमेंटचा कण न वापरता उभा राहिला. त्या टेकड्यांना लोक सातबहिणी म्हणतात, आणि कोलू पाटील स्वतः कोलासूर देव होऊन तिथेच बसले आहेत. तलाव बांधणाऱ्याला गावाने देव करून ठेवलं, यातच त्या गावाच्या लेखी पाण्याची किंमत काय होती ते आलं. कोलासुराचं ठाणं मुद्दाम विचारून पाहा.

तलाव बघायला संध्याकाळी जा आणि पाळीवरून चाला. चालताना काही गोष्टी नजरेत धरा. पाळ सरळ नाही, ती टेकडीचा कल धरून वळते. पाळीवर झाडं आहेत, त्यांची मुळं माती धरून ठेवतात. पाणी सोडण्याच्या जागेला इथे तुडूम म्हणतात. तिथून पाट निघतो आणि धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे बांध घातलेल्या शेतांकडे जातो. जास्तीचं पाणी कडेच्या सांडव्यावरून खालच्या तलावात किंवा बोडीत उतरतं. बोडी म्हणजे शेतकऱ्याचं स्वतःच्या शेतातलं लहान तळं. वरच्या तलावातून खालच्या तलावात आणि तिथून बोडीत असं पाणी उतरत गेलं की पावसाचा एक थेंब दोन-तीन शेतं भिजवूनच नदीला मिळतो. तुमच्याबरोबर मुलं असतील तर नकाशापेक्षा पाळीवर उभं राहून हे दाखवा. त्यांना पाच मिनिटांत समजतं.

या तलावांचं पुढे काय झालं तेही ठाऊक असू द्या, म्हणजे गावात बोलताना प्रश्न नीट विचारता येतील. इंग्रजी अमलात हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. तत्कालीन मध्य प्रदेशात १९५० सालच्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव. लोक त्याला ‘मामा तलाव’ म्हणतात. मालकी सरकारकडे गेली, पण दरवर्षी गाळ काढणं, पाळ दुरुस्त करणं ही गावाची सवय हळूहळू सुटली. अनेक तलाव गाळाने उथळ झाले, काठाला बेशरम ही उपद्रवी वनस्पती माजली. मासे मारणाऱ्या ढिवर समाजाला त्याचा पहिला फटका बसला. तलावातली पाणवनस्पती गेली की स्थानिक माशांच्या अंडी घालायच्या जागा जातात आणि त्यांच्यावर जगणारे पक्षीही जातात. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था ढिवरांच्या सहकारी संस्थांबरोबर काम करते. बेशरम काढायची, तळाची नांगरणी करायची, पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, असं ते काम आहे. त्यात बायका पुढे आहेत. असा एखादा तलाव पाहायला मिळाला तर सफारीची एक फेरी सोडून तो पाहा. कोणती वनस्पती कुठल्या खोलीत लावायची आणि कोणता मासा कुठे अंडी घालतो, हे ज्ञान ढिवरांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. मरळ, शिंगी, वाम यांच्या सवयी तुम्हाला त्यांच्याइतक्या बारकाईने कोणी सांगणार नाही.

कधी जावं हा प्रश्न सगळे विचारतात आणि उत्तर नेहमी ‘मे महिन्यात, वाघ पाण्यावर येतो’ असं मिळतं. वाघासाठी ते खरंही आहे. पण मे महिन्यात इथलं ऊन ४५ अंशांच्या आसपास जातं, तलाव आटलेले असतात, पक्षी उत्तरेला परतलेले असतात, नाटकं संपलेली असतात आणि गावातली अर्धी माणसं तेंदूपत्त्याच्या तोडाईत असतात. ज्याला फक्त वाघच हवा आहे त्याने खुशाल जावं. बाकीच्यांनी भाऊबीजेनंतर ते माघ संपेपर्यंतचा काळ धरावा. धान कापणीला आलेलं किंवा नुकतंच कापलेलं, तलाव भरलेले, बदकं उतरलेली, गावोगाव मंडई आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. त्यातही एकच आठवडा निवडायचा असेल तर मी जानेवारीतला निवडेन. थंडी कडक असते, लोकरीचे कपडे न विसरता घ्या. उघड्या जिप्सीत पहाटे बोटं वाकत नाहीत.

पावसाळ्यातली एक फेरीही सुचवतो, पण ज्याने हा भाग एकदा पाहिला आहे त्याला. जुलै ते सप्टेंबर नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा गाभा बंद असतो. त्या वेळी शेतं बघायची. बांध्यांतून रोवणी चाललेली असते, बायकांच्या ओळी चिखलात वाकून पऱ्हे लावत असतात. हाच सारसाचा विणीचा काळ आहे.

सारसाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण महाराष्ट्रात सारस म्हटलं की गोंदियाच. जवळजवळ माणसाच्या उंचीचा हा पक्षी उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच आहे. राज्यातले जवळपास सगळे उरलेले सारस गोंदिया आणि त्याच्या शेजारच्या पट्ट्यात आहेत, आणि त्यांची संख्या काही डझनांच्या पुढे जात नाही. वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या काठची धानशेती आणि परसवाडा, झालिया यांसारखे तलाव ही त्यांची जागा. नदीपलीकडच्या बालाघाट जिल्ह्यातही ते असतात. सारस अभयारण्यात राहत नाही, शेतकऱ्याच्या बांधीत घरटं करतो. त्यामुळे त्याचं जगणं शेतकऱ्याच्या मनावर अवलंबून आहे. घरट्यामुळे थोडं धान मोडतं, म्हणून पूर्वी कुठे कुठे अंडी फेकली जात. गोंदियातली ‘सेवा’ ही संस्था वर्षानुवर्षं शेतकऱ्यांशी बोलत राहिली, घरटी राखणारे गावकरी तयार केले आणि दर उन्हाळ्याअखेरीस सारसांची गणना होऊ लागली. विजेच्या तारा आणि कीटकनाशकं हे धोके अजून आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली, ती त्यामुळेच.

तुम्ही सारस बघायला जाल तेव्हा एवढं पाळा. गाडी रस्त्यावरच ठेवा, बांधावर उतरू नका, दुर्बिणीतून बघा. जोडी मान वर करून तुमच्याकडे बघायला लागली, म्हणजे तुम्ही फार जवळ आलात. ड्रोन अजिबात नको. आणि घरट्याचा फोटो काढलाच तर जागेचं नाव समाजमाध्यमांवर टाकू नका. पुढच्या रविवारी तिथे दहा गाड्या उभ्या राहतात, आणि ज्या शेतकऱ्याने घरटं राखलं त्याच्याच शेताचं नुकसान होतं. शेत त्याचं आहे, त्याला विचारूनच थांबा.

नवेगावच्या तलावावरची बदकं मात्र हिवाळ्यात सहज दिसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तलवार बदक, थापट्या, चक्रवाक उतरतात. कमळांच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या वर्षभर असतात. सूर्य उगवायच्या आधी पाळीवर पोहोचा आणि सूर्याकडे पाठ येईल अशी जागा धरा. दुर्बीण नसेल तर उसनी आणा. दुर्बिणीशिवाय तलावावरचे पक्षी म्हणजे पाण्यावरचे ठिपके.

या तलावाशी मराठी वाचकाचं एक जुनं नातं आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले. इथलं रान त्यांनी ज्यांच्याकडून शिकून घेतलं त्यांत माधवराव पाटील डोंगरवार हे नवेगावचेच जाणकार होते, आणि चितमपल्लींनी ते ऋण मोकळेपणाने लिहून ठेवलं. चितमपल्लींना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. जायच्या आधी त्यांचं नवेगावबांधवरचं लेखन वाचा. नागझिऱ्याला जाणार असाल तर व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ आणि किरण पुरंदरे यांचं ‘सखा नागझिरा’ वाचा. हा सल्ला पुस्तकप्रेमापोटी देत नाही. रानात काय ऐकायचं आणि कुठे थांबायचं हे या तिघांनी शिकवलं आहे, आणि त्याचा उपयोग पहिल्याच सकाळी होतो.

आता रान. नागझिरा अभयारण्य १९७० सालचं, नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ सालचं. ही दोन, शिवाय नवेगाव अभयारण्य, नवीन नागझिरा आणि कोका, अशी पाच संरक्षित क्षेत्रं एकत्र करून डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचं महत्त्व केवळ तिथल्या वाघांच्या संख्येत नाही. कान्हा, पेंच, ताडोबा आणि इंद्रावती या मोठ्या जंगलांमधून वाघ ये-जा करतात, ती वाट या तुकड्यांतून जाते. म्हणूनच इथे वाघांची संख्या वाढावी यासाठी मे २०२३ मध्ये चंद्रपूरकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या. नागपूरहून येताना साकोलीच्या पुढे महामार्ग या वाटेला आडवा छेदून जातो. रात्री त्या टप्प्यात गाडी हळू चालवा. गतिरोधक आहे म्हणून नको, रस्ता ओलांडणारं जनावर तुमच्या दिव्यांनी जागीच थिजतं म्हणून.

नागझिऱ्यात वाघ दिसेलच असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. इथे खरं बघायचं ते रानकुत्र्यांचं टोळकं, गवे, अस्वल, बिबट्या आणि झाडं. ऐन, धावडा, तेंदू, मोह, बिवळा आणि मधूनमधून बांबूची बेटं असं हे पानगळीचं मिश्र रान आहे. फेब्रुवारीनंतर पानं झडू लागली की आतपर्यंत नजर जाते. त्यात पांढुरक्या सालीचं कडईचं झाड चांदण्यात उभ्या माणसासारखं दिसतं. मार्गदर्शकाला सुरुवातीलाच सांगा, ‘वाघाच्या मागे पळवू नका, जिथे थांबावंसं वाटेल तिथे गाडी बंद करा.’ गाडीचं यंत्र बंद झालं की रान बोलायला लागतं. मार्गदर्शक आसपासच्या गावांतली तरुण मुलं-मुली आहेत. त्यांना वाघापलीकडचं विचारणारा पाहुणा क्वचित मिळतो, आणि असा पाहुणा मिळाला की ते मनापासून सांगतात.

प्रवेशद्वारांची निवड राहण्याच्या जागेवरून करा. नागझिऱ्यासाठी साकोलीकडून पिटेझरी, तिरोड्याकडून चोरखमारा आणि मंगेझरी सोयीची. नवेगावसाठी जांभळी आणि बकी. भंडाऱ्याजवळ थांबणार असाल तर कोका. आरक्षण वन विभागाच्या संकेतस्थळावरून आधी करा आणि आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी आहे ते तिथेच पाहून घ्या. सरकारी विश्रामगृहं, प्रवेशद्वाराजवळची खासगी निवासं आणि बोदलकसा तलावाकाठचं पर्यटन महामंडळाचं निवास, असे राहण्याचे पर्याय आहेत. थाटाची अपेक्षा नको. स्वच्छ खोली, गरम पाणी आणि वेळेवर जेवण एवढं मिळतं, आणि तेवढं पुरतं.

जंगलात फिरताना आणखी एक लक्षात ठेवा. तुम्ही ज्या मोकळ्या माळावर हरणांचा कळप बघता, ते कधीकाळी एखाद्या गावाचं गावठाण असू शकतं. नवेगावच्या रानातून कवलेवाडा, कालीमाती, झनकारगोंदी ही गावं उठवून बाहेर नेली. त्या लोकांनी सोडलेली शेतं आता गवताळ झाली आहेत. त्या गवतावरचं चितळ बघताना ही गोष्ट माहीत असलेली बरी.

पोहोचायला अवघड नाही. मुंबई-हावडा मार्गावर गोंदिया हे मोठं जंक्शन आहे आणि मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस थेट गोंदियापर्यंत जाते. तिथून बल्लारशाकडे जाणारी गाडी सौंदड, अर्जुनी, वडसा करत जाते. या गाडीत बसून खिडकीतून तलाव मोजण्यासारखं सुख नाही. नागपूरहून मोटारीने आलात तर भंडारा, साकोली, कोहमारा आणि तिथून दक्षिणेला वळून नवेगावबांध, तीन तासांत पोहोचता. एसटी आहे, पण आतल्या गावांना दिवसातून मोजक्या फेऱ्या. चौघं असाल तर गोंदिया किंवा साकोलीहून गाडी ठरवा. सुट्टे पैसे भरपूर ठेवा. आतल्या गावांत एटीएम क्वचित, आणि मोबाईलची रेंज जाते तेव्हा ऑनलाइन पैसेही जात नाहीत.

दोन गोष्टी तब्येतीच्या. हा भाग हिवतापाचा आहे. मच्छरदाणी किंवा अंगाला लावायचं मलम आणि संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे यांत टाळाटाळ नको. परतल्यावर काही दिवसांत थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरांना हा प्रवास आवर्जून सांगा. आणि रात्री पाय ठेवाल तिथे आधी विजेरीचा झोत टाका. धानाच्या बांधांवर साप असतात, आणि पुढे ज्या नाटकाबद्दल सांगणार आहे तिथून परतायला पहाट होते.

ते नाटक म्हणजे झाडीपट्टी रंगभूमी, आणि माझ्या मते या प्रवासाचा सर्वांत मोलाचा भाग. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे तिचं केंद्र. अर्जुनीहून गाडीने तासाच्या आत. दिवाळी झाली की वडशाच्या बाजारात नाटक कंपन्यांची कार्यालयं उघडतात, गावोगावची मंडळं येऊन तारखा ठरवतात. भाऊबीजेपासून गावांत मंडई भरते. प्रत्येक गावाचा मंडईचा दिवस वेगळा, पाहुणे आणि सासरी गेलेल्या लेकी त्या दिवशी घरी येतात. दिवसा बाजार, शंकरपट, कुठे दंडार, कुठे खडी गंमत असे लोककलेचे खेळ. रात्री नाटक. कापणी झालेल्या बांधीत मांडव उभारतात, जमीन उताराची करून घेतात म्हणजे मागच्यालाही दिसतं. नऊ-दहाला पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. गाणी प्रत्यक्ष गायली जातात, ऑर्गन, तबला समोर असतो. कौटुंबिक जिव्हाळा, जमिनीचे तंटे, व्यसन, हुंडा, शेतकऱ्याचं कर्ज, असे विषय. संवाद मोठ्या आवाजात, अभिनय भडक वाटेल. पण शेवटच्या रांगेतल्या आजीपर्यंत ते पोहोचवायचं असतं, आणि पोहोचतं. अनुदानावर न जगता तिकिटावर चालणारी ही रंगभूमी आहे. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी.

बाहेरच्या माणसाने नाटकाला जाताना काय करावं? दुपारी गावात कुणालाही विचारा, ‘आज नाटक कुठे लागलंय?’ भिंतीभिंतीवर पत्रकंही असतात. तिकीट घ्या, फुकट बसवायला निघाले तरी घ्याच. जाड सतरंजी आणि चादर न्या, कारण मध्यरात्रीनंतर जमीन गार पडते. मोबाईलचा दिवा पाडून चित्रण करू नका. आणि अर्ध्यावर उठू नका. शेवटच्या अंकापर्यंत म्हातारी माणसं, कडेवरची मुलं सगळी जागी असतात, तेव्हा शहरातून आलेल्या पाहुण्याने बारा वाजता उठणं बरं दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सफारी ठेवू नका. नाटकाची रात्र आणि सफारीची सकाळ एकमेकांना खाऊन टाकतात.

कानांनाही थोडी तयारी लागते. इथली झाडीबोली मराठीच आहे, पण तिच्यात ‘ण’ऐवजी ‘न’ येतो, ‘ळ’ऐवजी ‘र’ किंवा ‘ड’ येतो. गोंदियाच्या बाजूला पोवारी ऐकू येते, पूर्वेला गोंडी आणि हलबी. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या अभ्यासासाठी मोठं काम केलं आहे. तुम्ही पुणेरी वळणाने बोललात तरी लोक समजून घेतात. त्यांच्या बोलीची नक्कल करून हसवायचा प्रयत्न मात्र करू नका.

एक दिवस गोठणगावच्या बाजूला ठेवा. गाढवी नदीवर १९७० मध्ये पूर्ण झालेलं इटियाडोह धरण तिथे आहे. त्याच्याजवळ १९७२ मध्ये वसलेली तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. झाडीच्या उन्हात त्यांनी शेती केली, मठ उभारला, मुलं मराठी शिकली. थंडीत वसाहतीतली बरीच कुटुंबं स्वेटर विकायला शहरांत गेलेली असतात. आपल्या शहराच्या रस्त्यावर दिसणाऱ्या स्वेटरवाल्यांपैकी कुणी इथलंही असू शकतं. त्यामुळे माणसांना भेटायचं असेल तर त्यांच्या नववर्षाच्या, लोसारच्या सुमारास, फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणं चांगलं. मठात चपला बाहेर, प्रदक्षिणा उजवीकडून, प्रार्थना चालू असेल तर मागे बसा. जवळच प्रतापगड आहे. डोंगरावर जुन्या किल्ल्याचे अवशेष, महादेव आणि दर्गा शेजारीशेजारी आहेत, आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. एरवी गेलात तर शांतपणे चढता येतं.

माघ पौर्णिमा तुमच्या दिवसांत येत असेल तर सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला जा. गोंडांच्या श्रद्धेत हे आदिस्थान आहे. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी गुहेत अडकलेली मुलं सोडवली ती ही जागा. डोंगराच्या पोटातली ती नैसर्गिक गुहा इतकी प्रचंड आहे की आत शेकडो माणसं मावतात. पौर्णिमेला मध्य भारतातल्या अनेक राज्यांतून गोंड लोक येतात, दरेकसा स्टेशनपासून वाट माणसांनी भरून जाते. ती यात्रा आहे, तमाशा नव्हे. पूजेचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका आणि पिवळे झेंडे घेतलेल्या माणसांना ‘इकडे बघा’ म्हणू नका. जाता-येता दरेकशाजवळचा हाजरा धबधबा पाहता येतो, पण त्याला पाणी पावसाळ्यात आणि नंतरचे थोडे दिवसच. राज्याच्या सीमेलगतचा भाग आहे, अंधार पडायच्या आत परत फिरा आणि स्थानिक माणूस बरोबर ठेवा.

खायचं काय, तर जे तिथे पिकतं ते. भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ सुवासिक आणि मऊ, त्याचा साधा भात आणि तलावातल्या माशाचा रस्सा. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते. मार्चमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला निघालेली कुटुंबं दिसतील. ती वेचलेली फुलं त्यांचं वर्षाचं उत्पन्न आहे, वाटेत पडलेली म्हणून खिशात घालू नका. परतताना चिन्नोर थेट शेतकऱ्याकडून किंवा बचत गटाकडून घ्या. कोशाचं कापड हवं असेल तर मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव विणकरांचं गाव आहे. ज्या ऐनाच्या झाडांखालून तुम्ही जिप्सीतून गेलात, त्याच झाडांवर कोशाच्या अळ्या वाढतात, आणि त्या राखण्याचं काम झाडीत ढिवर कुटुंबं करत आली आहेत.

दिवसांची मांडणी अशी करा. पहिल्या दिवशी नवेगावला पोहोचून संध्याकाळी पाळ. दुसऱ्या दिवशी पहाटे पक्षी, दुपारी विश्रांती, रात्री नाटक. तिसरा दिवस उशिरा सुरू करा, गोठणगाव आणि प्रतापगड. चौथा दिवस नागझिऱ्यासाठी, एक सकाळची आणि जमल्यास एक दुपारची फेरी. पाचव्या दिवशी गोंदियाकडे जाताना सारसांच्या शेतांवरून जा. कचारगड करायचं असेल तर एक दिवस वाढवा, त्यासाठी नाटकाची रात्र कापू नका.

आणि मुक्कामाच्या गावात एक गोष्ट करा. ज्या तलावाचं पाणी तुम्ही पाहिलंत त्याचा गाळ शेवटचा कधी काढला, मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे, ढिवरांच्या संस्थेला तो मिळतो का, हे ग्रामपंचायतीत बसून विचारा. बाहेरून आलेली चार माणसं वाघाऐवजी तलावाची चौकशी करू लागली, तर त्या तलावाकडे गावाचं आणि सरकारचंही लक्ष वळायला मदत होईल.